उतारावरची हराळी

करुणानाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा कडेवाडीस होता. डोंगराच्या कुशीतले वीसेक घरांचे गाव. महाराज ओढ्याकाठच्या पडवीत राहत आणि येईल त्याचे ऐकून घेत.

ठकूबाई त्यांना रोज भाकरी आणी. बाई एकटी. तिचे घर उभ्या उताराच्या पायथ्याशी, आणि वर शिदोजी पाटलांचे शेत. दर पावसाळ्यात उताराची माती सुटून घराला भिडे. गेल्या साली भिंतीला तडा गेला. पाटील म्हणाले, "घर हलव." कुठे हलवायचे, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

एकदा भाकरी ठेवताना तिला रडूच कोसळले. महाराज म्हणाले, "माय, रानात तुला सगळ्यात जास्त कोण छळतं?"

"हराळी, महाराज. कितीबी उपटा, मुळी राहतीच."

"मग उतारावर तीच लाव. झाडांना मोठं व्हायला वर्षं लागतील. हिला जमीन धरायची घाई असते."

मृग लागताच ठकूबाईने लोकांनी खणून बांधावर टाकलेली हराळी गोळा केली आणि उतारावर आडव्या ओळींनी लावली. पाटील वरून पाहून पोट धरून हसले. "ठके, जिच्यापायी आमच्या कमरा मोडल्या, ती तू हातानं लावतीस? तुझ्या महाराजांनी कधी कुदळ धरलीय का?"

"त्यांनी सांगितलं, मी लावते," एवढेच ती म्हणाली. महाराजांवर तिचा असा भरवसा होता.

महिनाभराने तीन दिवस सलग पाऊस कोसळला. तिसऱ्या सकाळी पाटील बांध पाहायला गेले, तो पायाखालची कडच सुटली. मातीसकट ते खाली घसरले आणि हाताला लागली ती हराळी त्यांनी धरली. वीतभर कोवळे गवत ते, धिप्पाड माणसाला कसे तोलणार? पण एकही मुळी सुटली नाही. घसरणारी मातीही त्या ओळींत अडकून थांबली. पाटील पुढे सांगत, मनगट कुणीतरी धरले होते आणि त्या हाताची ऊब लागत होती.

ठकूबाईने शिडी लावून त्यांना उतरवले. मग घराच्या भिंतीवरून हात फिरवला. घर शाबूत होते. महाराजांचे नाव घेत ती कितीतरी वेळ आनंदाने रडली.

पाटील चिखलाने माखलेले तसेच पडवीत गेले. महाराज डाव्या हाताने भाकरी खात होते. उजवा तळवा गवताने कापावा तसा जागोजागी कापलेला. पाटलांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी हसलो. चुकलो."

"लावली तिनं. तिला विचार, काय हवंय."

मागोमाग आलेली ठकूबाई संकोचून म्हणाली, "पाटील, वरची कड अजून उघडीच हाय."

दुसऱ्या दिवशी पाटील आपल्या शेतातली हराळी स्वतः खणून, डोक्यावर भारा घेऊन आले. ठकूबाई दाखवी तिथे ते वाकत आणि लावत. संध्याकाळपर्यंत ते वाकतच होते.