पळसाच्या पानावरचा शब्द

फार फार वर्षांपूर्वी मुंग्या नकाशा बघून वारूळ बांधत. रेवा मुंगीने पळसाच्या पानावर असा नामी नकाशा कोरला, की रानभर त्याच्या नकला गेल्या. राणीला दर वेळी कोण विचारणार, म्हणून अंड्यांच्या खोलीचा परवलीचा शब्दही तिने त्यातच लिहिला होता.

एके सकाळी त्यातलीच एक नक्कल तिला सरड्यापाशी दिसली. धापा टाकत ती घरचं पान खरवडू लागली.

“अगं, रानभर गेलेली पानं कोण खरवडणार?” म्हातारी पहारेकरीण ओरडली. “आधी राणीकडून शब्द बदलून आण! नवा माझ्या कानात सांग, पानावर नको.”

सरडा दारावर जुना शब्द घोकून घोकून हात हलवत परतला. पण पान सळसळलं, की रेवा जन्मभर दचकायची.