भागाक्काचा काचेचा घोडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर आमच्या मणगुंडीच्या वडाला तेव्हा एकही पारंबी फुटलेली नव्हती. त्या वडाखाली भागाक्का काचारणीची भट्टी होती. पंचक्रोशीतल्या लेकीसुनांचे हात तिच्याच बांगड्यांनी भरलेले असत, आणि बांगड्या घडवायचं काम ती उघड्यावर, चारचौघांसमोर करायची.

तिची एक रीत होती. सकाळी भट्टीतली मूस तापली, मुशीतली काच पाकासारखी झाली, की समोर बसलेल्यांपैकी कुणा एकाला ती विचारायची, आज काय बघायचंय? कुणी बदक म्हणे, कुणी मोर. एकदा एका सुनेने रुसलेली सासू मागितली, तर फुगलेल्या गालांसकट तीही करून दाखवली. लोखंडी कांबीच्या टोकाला काचेचा लालभडक गोळा घ्यायचा, कांब फिरवत राहायची, चिमट्याने इथे ओढायचं, तिथे दाबायचं, आणि बघता बघता मोराला मान फुटायची. लोक पापणी मिटायची विसरत.

मग अक्का मागणाऱ्याला विचारायची, झालं बघून? तो म्हणायचा, झालं, आता बांगड्या कर. की मोर परत मुशीत. काच बांगड्यांची, ती बांगड्यांनाच जायची. पण मागणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय तिने कधी काही वितळवलं नाही, असं म्हणतात.

एका वर्षी काच आणणारा बैलांचा तांडा आलाच नाही. अक्काकडे एकच मूसभर काच उरली. गावात अकरा मुलींची लग्नं ठरलेली, आणि हिरव्या चुड्याशिवाय मणगुंडीची मुलगी बोहल्यावर चढत नसे. त्या काचेत अकरा चुडे कसेबसे बसत होते. बायकांनी येऊन सांगितलं की महिनाभर हा खेळ बंद ठेव. अक्का म्हणाली, खेळाने काच संपते होय? जाते कुठे, परत मुशीतच येते.

आणि नेमके त्याच आठवड्यात रंगराव जहागीरदार मेण्यात बसून आले. त्यांचा लाडका घोडा पाखऱ्या दिवाळीत गेला होता. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, दुसऱ्या घोड्यावर ते बसले नव्हते, कुणाशी धड बोलले नव्हते. मेण्यामागून दोन गडी गरम राखेने भरलेला रांजण घेऊन आले. तापलेली काच राखेत सावकाश निवू दिली की टिकते, एवढं जहागीरदारांनी विचारून ठेवलं होतं. त्यांनी पाखऱ्या मागितला. तो रांजण बघून अकरा घरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

बायका अक्काच्या कानाशी लागल्या की नाही म्हण, हा माणूस घोडा घेऊन जाईल आणि पोरी उघड्या हातांनी बसतील.

"मागितलं त्याला न्हाई म्हनायचं न्हाई, ही रीत हाय माझी," अक्का म्हणाली. "ती आज मोडली तर उद्या माझ्याम्होरं बसंल कोन?"

म्हणाली, आणि तिने कांब मुशीत घातली.

पाखऱ्याला सगळी मूस लागली. जहागीरदार मेण्यातूनच सांगत होते, मान जरा उंच हवी, डावा कान टोकाला मुडपलेला हवा. सांगता सांगता ते मेण्यातून उतरले आणि केव्हा लोकांत मांडी घालून बसले, ते त्यांनाही कळलं नाही. काच हिरवी, म्हणून घोडाही हिरवागार झाला. लोकांना हसू आवरेना, आणि कित्येक महिन्यांनी जहागीरदारांच्याही मिशा हलल्या.

"सरकार, झालं बघून?" अक्काने विचारलं.

जहागीरदार घोड्याकडे बघतच राहिले. काच एकदम गार झाली तर तडकणार, म्हणून अक्का कांब भट्टीच्या तोंडाशी धरून फिरवत राहिली. उन्हं डोक्यावरून कलली. तिने परत विचारलं, ते म्हणाले, अजून नाही. गड्यांनी रांजण पुढे सरकवला. अक्काचे खांदे भरून आले तरी तिने कांब फिरवणं सोडलं नाही. समोर अकरा मुली एका ओळीत बसल्या होत्या.

शेवटी जहागीरदार पुढे वाकले आणि पूर्वी तबेल्यात हाक मारायचे तशी हळूच हाक मारली, पाखऱ्या.

मुडपलेला कान हलला. हिरवा रंग तांबूस झाला, घोड्याने कांबीवरून पाय सोडवले आणि टुणकन खाली उडी मारली. वडाला तीन फेऱ्या घातल्या, टपटप टपटप, आणि येऊन धन्याच्या तळहातात तोंड खुपसलं. तो हात भाजला नाही, असं म्हणतात. जहागीरदार हसतही होते आणि रडतही होते. मग घोडा त्या मुलींकडे गेला. एकेकीचं मोकळं मनगट त्याने हुंगलं, अकराच्या अकरा, आणि परत येऊन धन्यासमोर उभा राहिला.

तोवर जहागीरदारांनी त्या मुलींकडे पाहिलंच नव्हतं. आता त्यांनी ते हात पाहिले. बराच वेळ घोड्याची मान थोपटली.

"झालं बघून, अक्का," ते म्हणाले. "आता बांगड्या कर."

पाखऱ्याने आपणहून भट्टीत उडी घेतली. अकरा चुडे निघाले, हिरवेगार, आणि प्रत्येक बांगडीत एक बारीक तांबूस रेघ. नवऱ्या चालल्या की टपटप वाजायचं. जहागीरदार घरी पायी गेले, मेणा मागून रिकामाच गेला, आणि रांजण विसरला तो विसरलाच. आजही तो वडाखाली आहे. त्यात आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यासाठी पाणी भरून ठेवतो.

मणगुंडीच्या नवरीला अजूनही हिरव्या चुड्यात एक तांबूस रेघेची बांगडी भरतात. आणि चैत्रातल्या जत्रेला वडाखाली भट्टी पेटते, भागाक्काच्या नावाने एकाला विचारतात, काय बघायचंय? मागच्या वर्षी माझी पाळी आली. मी आमची म्हातारी शेळी मागितली, थंडीत गेली ती. लोक खो-खो हसले. काचाऱ्याने मात्र हुबेहूब केली, तुटक्या शिंगासकट. मग त्याने विचारलं, बाबा, झालं बघून?

मला बोलायला जरा वेळ लागला. काचारी कांब फिरवत राहिला, आणि हसणारे सगळे गप्प बसून माझ्यासाठी थांबले.