गार पडलेलं नाक

साखर कारखान्यात बॉयलरचा पाइप फुटून कामगार केरबा गेला. त्याच्या चितेचा धूर अजून इंजिनिअर इंदुमतीबाईंच्या नाकातून गेला नव्हता, तोच चेअरमन रणनवऱ्यांनी बॉयलरवरच्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्यांच्या हातात उष्णता टिपणारा कॅमेरा होता.

"भीतीनं नाक गार पडतं. ज्याचं नाक पडद्यावर निळं, चूक त्याची!"

इंदुमतीबाईंचंच नाक निळं दिसलं.

"का घाबरलात, बाई?"

"कॅमेरा ओळखला, साहेब. पाइप कुठे जास्त तापतोय ते आधीच दिसावं, म्हणून मीच तो मागवला होता. तुम्ही तो कपाटात कुलूप लावून ठेवलात. आज आमच्या नाकांवर रोखलात, तो एकदा बॉयलरवर रोखू दिला असतात, तर केरबाही या रांगेत उभा असता."

चेअरमननी कॅमेरा खाली घेतला. त्यांचं नाक गार पडलंय हे कळायला कुणालाच कॅमेऱ्याची गरज नव्हती.