बाहेरचं वारं

घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात दुर्गाताई खांबेटे नर्स होत्या. अडलेल्या बाईला तालुक्याला न्यायचं तर गावात त्यांचीच एक जुनी मोटार. पण त्यांचे यजमान वारले आणि मोटार विचित्र वागू लागली. म्हणजे निदान तसं वाटे. मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टाकीभर पेट्रोल घाट उतरेपर्यंत संपे. धुक्यात ती खोकून बंद पडे, आणि तो खोकला थेट खांबेट्यांचा वाटे. हळूहळू तीत कुणी बसेना.

शेवटी मठाचे महंत आले. बंद काचांआडून पेट्रोलचा उग्र दर्प येत होता. ते गरजले, "बाई, हिला बाहेरचं वारं लागलंय! तुमचा नवरा आत बसून पेट्रोल पितोय. मोटार मठात आणून सोडा."

लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या अडलेल्या बाईचं काय, हे कुणी विचारलं नाही.

दुर्गाताईंनी बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं. चोक ओढल्यावर मिटणारी हवेची झडप मिटलेलीच अडकली होती. हवा आत जात नव्हती, नुसतं पेट्रोल ओतलं जात होतं, आणि त्यात इंजिन गुदमरत होतं.

"महाराज," त्या शांतपणे म्हणाल्या, "बाहेरचं वारं लागत नाही, हेच तर हिचं दुखणं आहे!"

त्यांनी झडप मोकळी केली. थोडा काळा धूर ओकून मोटार सुरू झाली.

"बसा, मठापर्यंत सोडते."

मागच्या रिकाम्या सीटकडे एकदा बघून महंत धुक्यातून पायीच निघाले.