जिवाजीच्या नावाचा घाव

टाकळवणीत ठोकळे घ्यायला येणारा माणूस आधी फसतो. अंगणात रचलेली थप्पी बघून त्याला वाटते, हा साळजाईच्या डोंगराचा काळा पाषाण. हात फिरवला तरी तसेच वाटते. छिन्नीचे टवके, कपारी, उन्हात चमकणारा कण, सगळे जागच्या जागी. मग कोणीतरी सांगतो, की हे सिमेंट, दगडाची बारीक कच आणि काळा रंग आहे, साच्यात ओतलेले आहे. माणूस हसतो आणि गाडी भरायला सांगतो. तेव्हा त्याच्या हातात हातोडी दिली जाते.

घेणाऱ्याने स्वतः एका ठोकळ्यावर घाव घालायचा. कान देऊन आवाज ऐकायचा. मग त्याच ठोकळ्याचा एक कोपरा उडवून आत काय आहे ते बघायचे. घाव घालताना म्हणायचे, "ऐक, जिवाजी!" म्हटले नाही तर माल मिळत नाही. मोटारीतून येणारे मोठे लोक आधी लाजतात. त्यांनाही म्हणावे लागते.

येताना रस्त्याच्या डाव्या अंगाला ढिगारा लागतो. घाणेरीच्या झुडपांनी भरलेला आहे. पाऊस उघडला, की डोंगराचा दगड लगेच वाळतो, पण या ढिगाऱ्यातले तुकडे कितीतरी वेळ ओलेच राहतात. गावात कोणाची भिंत पडो, चूल मोडो, त्यातला एक खडाही कोणी उचलत नाही. हा जिवाजीरावाचा बुरूज. त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार पूर्वी टाकळवणी जिवाजीराव नावाच्या इनामदाराकडे होती. वाडा होता, तोफ होती, पण तोफ ठेवायला बुरूज नव्हता. शेजारच्या इनामदाराला बुरूज होता. हे जिवाजीरावाच्या जिवाला लागले होते. येत्या दसऱ्याला माझ्या बुरजावरून तोफ उडेल, असे तो भर पंगतीत बोलून बसला होता म्हणे.

डोंगराच्या पायथ्याला पाथरवटांची वस्ती होती. त्यांचा म्होरक्या म्हाळू. त्याची बायको गवरा. पाथरवटांची एक रीत होती. दगड काढण्याआधी तो वाजवायचा. खणखणीत बोलला तर काढायचा. बद्द बोलला तर देवीला हात जोडून मागे फिरायचे, कारण बद्द बोलणारा दगड आतून फुटलेला असतो.

वाड्याजवळ डोंगराचा एक कडा पुढे आला होता. दगड जवळ, वाहतूक कमी. जिवाजीरावाने तोच कडा दाखवला. म्हाळूने तो वाजवून बघितला आणि हातोडी कमरेला खोचली.

"सरकार, हा बोलत नाही. याच्या खाली माणूस घालू नये."

"दगड बोलत नाही म्हणतोय!" जिवाजीराव आपल्या माणसांकडे बघून हसला. "मग काय गाणं म्हणायला हवं होतं त्यानं?"

"एकदा स्वतः वाजवून ऐका, सरकार. मग म्हणाल ते करतो."

"मी वाजवू? मग तुम्हाला कशाला पोसलंय? उद्या काम सुरू झालं नाही तर वस्ती उठवीन."

म्हाळूची म्हातारी आई अंथरुणाला होती. वस्ती उठली असती तर ती वाटेतच गेली असती. म्हाळू आपल्या धाकट्या भावाला घेऊन कड्याखाली गेला. हातोडी मात्र त्याने गवराच्या हातात दिली आणि पहारीनेच काम करतो म्हणाला. हातोडीचा दणका कड्याला सोसणार नाही, हे त्याला माहीत होते. पण कड्याला पहारही सोसली नाही. दुपारच्या आत तो खाली आला. दोघे भाऊ त्याच्याखाली गेले.

गवरा आणि तिची जाऊ आवडा धावत गेल्या. त्यांनी जिवाजीरावाचे पाय धरले. वाड्यातले बैल, दोर, माणसे द्या, दगड कलता करू, आमची माणसे काढू, एवढेच मागितले. जिवाजीरावाने पडलेल्या कड्याकडे एकवार बघितले.

"दगड तर आयताच पडलाय," तो म्हणाला. "फोडा नि न्या बुरजाला. खाली काय सापडेल ते तुमचं."

हे शब्द गवराने ऐकले. सांगतात, की त्यानंतर ती रडली नाही. पाय सोडून उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "बरं, सरकार."

ज्या दगडाखाली आपली माणसे आहेत त्याला पाथरवट छिन्नी लावत नाहीत. ती समाधी. म्हाळूच्या आईने ती बातमी ऐकूनच प्राण सोडला. तिला माती देऊन दिवस मावळायच्या आत सगळी वस्ती उठून गेली, आणि जाताना गावोगाव सांगत गेली. मग आसपासच्या मुलखात जिवाजीरावासाठी कोणाची छिन्नी उठेना. बुरजाचा पाया खणून तयार, आणि दगड नाही.

मागे दोघीच राहिल्या, गवरा आणि आवडा. गवराने साळजाई देवीपुढे हातोडी ठेवली आणि नवस बोलली. नवस असा होता: "त्याच्याशी मी खोटं बोलणार नाही. दगड वाजवून घे म्हणून त्याला सांगेन. त्यानं एकदा जरी हातोडी मारून ऐकलं तर मी गाव सोडून जाईन, त्याचं वाईट चिंतणार नाही. नाही ऐकलं तर तो माझा."

दुसऱ्या दिवशी ती वाड्यात गेली.

"सरकार, बुरजाला ठोकळे मी देते."

"तू? तू दगड काढणार?"

"काढणार नाही. देणार. कुठून ते विचारायचं नाही. आणि माझी एक अट आहे, थर चढवायच्या आधी धन्यानं स्वतः ठोकळा वाजवून बघायचा. ती पाळा."

"तुझ्या नवऱ्याचंही हेच टुमणं होतं," जिवाजीराव म्हणाला. "दगड काळा आहे का, चौकोनी आहे का, ते माझे डोळे बघतील. दसऱ्याच्या आत दे म्हणजे झालं."

पाथरवटांच्या बायका चुना दळायच्या घाणीवर राबलेल्या असत. चुना कसा भाजायचा, कसा विरवायचा, हिरड्याचे पाणी आणि गूळ घालून तो कसा मळायचा, हे गवराच्या हातात होते. दोघींनी नदीकाठी भट्टी लावली. दगडाचा भुगा कुटला, कोळसा वाटला, चुन्यात मिसळला. रंग उतरला थेट काळ्या पाषाणाचा.

आता दगडाचे तोंड हवे होते. गवराने ओली चिकणमाती घेतली, कड्याच्या पडलेल्या शिळेला तेल लावले आणि माती तिच्यावर थापली. माती वाळल्यावर अलगद काढली, की शिळेची प्रत्येक कपार, प्रत्येक टवका मातीत उलटा उमटलेला. असे साचे तिने शिळेच्या चारी अंगांनी घेतले. आवडाने विचारले, "अगं, अख्खा डोंगर आहे समोर. ह्याच दगडाचं तोंड कशाला?"

"ज्यानं आपली माणसं गिळली त्याचं तोंड जिवाजीच्या दारात उभं करायचंय मला."

साच्यात आतून चुन्याचा जाड लेप द्यायचा. तो आवळला, की पोटात माती, राख आणि भुसा ठासायचा. वरून पुन्हा लेप. वजनासाठी चार गोटे. सुकल्यावर तो ठोकळा डोंगरातून काढल्यासारखा दिसे. आवडाचे हात मात्र थबकायचे.

"बाई गं, लबाडीनं मारायचं का माणसाला?"

"लबाडी कसली? त्याला सांगून मारणार आहे. रोज सांगणार आहे."

आणि ती रोज सांगे. ठोकळ्यांची गाडी बुरजाशी आली, की गवरा हातोडी पुढे करी. "सरकार, वाजवून घ्या." जिवाजीराव कधी तोंड फिरवी, कधी तिची नक्कल करून माणसांना हसवी. रचायला परगावचा गवंडी आणला होता. तोही एकदा चाचरत म्हणाला, "सरकार, ह्या दगडाचा हाताला गारवा लागत नाही."

"तुला दगड रचायला आणलाय," जिवाजीराव कडाडला, "हात गार करायला नाही!"

गवंडी थर लावायला वळला. गवरा मान खाली घालून उभी होती. गाडी हलेपर्यंत तिने श्वास घेतला नव्हता म्हणे. लोक समजतात, तिला पकडले जाण्याची भीती होती. तसे नव्हते. जिवाजीराव हातोडी हातात घेईल आणि नवसाने आपल्याला निघून जावे लागेल, ही तिची भीती.

बुरूज चढला. पावसाळा आला, गेला. चुन्याच्या लेपाला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. त्यांतून आतली माती पाणी प्याली आणि फुगली. बाहेरून बुरूज काळाभोर, देखणा दिसत होता. शेजारचा इनामदार बघायला आला आणि न जेवता परत गेला. जिवाजीराव त्या दिवशी फार खुशीत होता.

दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर गाव वाड्यापुढे जमले. तोफ वर चढवली होती. तोफेवर दाऊदबाबा गोलंदाज होता. जन्म तोफेपाशी गेलेला म्हातारा. वर पोचल्यावर त्याने सवयीने तोफ ठासायचा दांडा कठड्यावर आपटला आणि तळहात दगडाला लावून थांबला. मग दांडा ठेवून तो पायऱ्या उतरू लागला.

"कुठं चाललास?" जिवाजीरावाने दरडावले.

"सरकार, ह्याच्यावरून मी बत्ती देणार नाही. आत काही नाही ह्याच्या."

"म्हाताऱ्या, बारुदानं कान गेलेत तुझे!"

"कान गेलेत म्हणून तर हातानं ऐकतो, सरकार."

माणसे हसली. जिवाजीरावाचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना खाली हाकलून तो स्वतः बत्ती घेऊन वर गेला. तेवढ्यात गर्दीतून गवरा पुढे आली आणि पायऱ्या चढून त्याच्यासमोर उभी राहिली. हातोडी पुढे केली.

"सरकार, शेवटचं सांगते. एक घाव घाला नि ऐका."

जिवाजीरावाने हातोडी घेतली.

गवराला वाटले, संपले. एवढे राबून आता हा मारणार, एकच मारणार, आणि आपण गाव सोडायचे. म्हाळू तिथे शिळेखाली, आणि हा इथे बुरजावर. तिने मनात देवीला विचारले, हाच का तुझा न्याय? पण नवस बोललेली होती. ती हलली नाही.

जिवाजीरावाने हातोडी हातात तोलली. तिचा दांडा झिजलेला होता.

"म्हाळ्याची ना ही?"

"त्यांचीच."

"मग त्यालाच नेऊन दे," असे म्हणून त्याने ती बुरजावरून खाली भिरकावली.

गवरा पायऱ्या उतरली. सावकाश उतरली, घाई केली नाही. हातोडी धुळीत पडली होती ती उचलली, पदराने पुसली आणि लोकांना म्हणाली, "मागं सरा." दाऊदबाबाने हात पसरून लोकांना मागे रेटले.

बत्ती लागली. तोफ उडाली. धूर निघाला, आणि धुराच्या आत बुरूज बसला. आधी खालचा थर चुरला, मग वरचे सगळे त्याच्यावर आले. तोफ शेवटी पडली म्हणे, धन्याला गाडलेल्या ढिगाऱ्यावर.

धूळ बसल्यावर ढिगाऱ्यातून आवाज येऊ लागला. जिवाजीराव जिवंत होता. वाड्यातली माणसे सैरभैर झाली. एवढा ढिगारा उपसायचा तर पाथरवटच हवेत, पहारी त्यांच्याच. त्यांचा ठावठिकाणा गवराला ठाऊक. जिवाजीरावाचा कारभारी धावत आला आणि तिच्यापुढे वाकला.

"बाई, तुझ्या लोकांना बोलाव. आत सरकार आहेत."

गवरा ढिगाऱ्याजवळ गेली. एका तुकड्यावर तिने हातोडी मारली. आवाज बद्द आला. आतला आवाज थांबला, जणू तो ऐकत होता. गवरा खाली वाकली आणि म्हणाली, "ऐक, जिवाजी. ऐकू आलं का आता?"

मग कारभाऱ्याकडे वळून म्हणाली, "दगड तर आयताच पडलाय. फोडा नि न्या. खाली काय सापडेल ते तुमचं."

वाड्यातल्या माणसांनी हाताने थोडे उकरले. पाऊस प्यालेली माती होती, उकरावे तशी वरून घसरत होती. गावातला एकही माणूस पुढे झाला नाही. आवाज हळूहळू बारीक झाला आणि बंद पडला. तसाच ढिगारा राहिला.

जिवाजीरावाचे वंशज वाडा सोडून गेले. पाथरवट परत आले. गवराने पुढे बरीच वर्षे ठोकळे पाडले. साचे तेच, म्हाळूच्या शिळेचे. पण आता पोटातही चुना आणि खडी, सलग, भरीव. पहिला ठोकळा तिने शिळेपाशी ठेवला. प्रत्येक नवा ठोकळा घाव घालून, कोपरा उडवून, आतले दाखवूनच ती देई, आणि घाव घालताना ढिगाऱ्याकडे तोंड करी. आवडाने तिला एकदा विचारले, "अजून राग गेला नाही का गं?" ती म्हणाली, "राग कधीच गेला. ही रीत आहे."

येणारे काही लोक विचारतात, त्या बाईने बरे केले का. टाकळवणी त्याचे उत्तर देत नाही. हातोडी देते.

चुना गेला, सिमेंट आले. घाणी गेली, यंत्र आले. साचे आजही त्याच शिळेवरून घेतात. घेण्याआधी तिला तेल लावतात आणि दोन फुले ठेवतात. आणि आजही टाकळवणीत घर बांधणारा पहिला घाव घालतो तो ढिगाऱ्याकडे तोंड करून. त्याच्याखाली जिवाजी अजून आहे. त्याने एकदाही ऐकले नाही, म्हणून त्याला रोज ऐकवतात.