हूल न बसणारा गडी

"वस्ताद, माझा कॉम्प्युटरचा गडी चुकतच नाही, मग पोरं खेळ अर्धा टाकून का उठतात?"

विचारणारा इंद्रजित. पुण्याला मोबाइलवरचा फुटबॉल बनवायचा. मालकानं बजावलेलं, दिवाळीपर्यंत पोरं टिकली नाहीत तर खेळ बंद. उभी जवानी ओतलेली त्यात. म्हणून कोल्हापुरात आपल्या जुन्या तालमीत फुटबॉल शिकवणाऱ्या अल्लाबक्ष वस्तादांकडं आला. आला खरा, पण मान ताठच, बरं का.

वस्ताद मैदानाच्या कडेला शेंगा फोडत बसलेले.

"खेळणाऱ्याचा गडी वाढतो कसा?"

"गोल मारला की गुण, पास दिला की गुण. शंभर झाले की गडी पुरा."

"आणि कॉम्प्युटरचा?"

"तो जन्मापासनंच पुरा. चेंडू कुठं जाणार, ते त्याला आधीच ठाऊक असतं."

"हूल दिली तर?"

"बसतच नाही!" इंद्रजितची छाती फुगली.

वस्तादांनी टरफलं झटकली. उठले. चेंडू पायाखाली घेतला.

"अडव मला."

म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. इंद्रजित हसतच पुढं झाला. वस्तादांनी खांदा डावीकडं टाकला. इंद्रजित तिकडं झेपावला, आणि सपशेल चिखलात! चेंडू दुसऱ्या बाजूनं निवांत गेला, पाहुणचार झोडून जावई निघावा तसा.

"इंजिनेर पडलं रं!" सरावाची पोरं ओरडली.

"पुन्हा," इंद्रजित म्हणाला.

पुन्हा खांदा, पुन्हा चिखल. पँटीचा रंग ओळखू येईना. आता त्याचं त्यालाच हसू फुटलं.

"पुन्हा, वस्ताद! आता नाही फसत!"

या खेपेला त्यानं खांद्याकडं बघितलंच नाही. नजर चेंडूवर. वस्ताद झुकले... हा हलला नाही. पाय पुढं घातला. चेंडूला लागला, नुसता निसटता.

"लागला! वस्ताद, लागला!" घोड्याएवढा वाढलेला, पण शेंबड्या पोरासारखा नाचला.

मग धापा टाकत वस्तादांशेजारी बसला. न विचारता त्यांच्याच शेंगा खायला लागला.

"म्हणजे माझ्या त्या गड्याला आधी खांद्याकडं बघून फसायला शिकवायचं," तो स्वतःशीच पुटपुटला.

वस्तादांनी आणखी एक शेंग फोडली.

"पण वस्ताद, आत्ता माझा पाय लागला ना... त्याचे गुण किती धरायचे?"

वस्तादांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पडलास, म्हणून लागला. चिखल मोज, लेका."