अकरा गाठींची बाटली

"गोळ्या बंद करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

डॉक्टर मकरंदचा आवाज भर ओपीडीत चढला. समोर सर्जेराव मान खाली घालून उभे होते. त्यांची नऊ वर्षांची मुक्ता बाकावर पोट धरून बसली होती, ओठ पांढरेफटक. शौचातून पुन्हा रक्त जायला लागलं होतं.

मकरंदचं डोकं सणकलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच दुर्बिणीनं तिच्या सुजलेल्या आतड्यातल्या अकरा गाठी काढल्या होत्या, त्याही एका बैठकीत. विभागप्रमुख तेरदाळकर मॅडमनी आदल्या दिवशी बजावलं होतं, एखादी तपासायला घे, बाकीच्या त्रास देत नाहीत, त्यांना हात लावू नकोस, पोरीला गोळ्यांची गरज आहे. मॅडम आता थकल्या, म्हणून भितात, असं म्हणून त्यानं ते उडवून लावलं होतं. आणि आता या माणसानं त्याच्या एवढ्या कामावर पाणी फिरवलं होतं.

"कुणी सांगितलं, विचारतोय मी."

सर्जेरावांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. आत औषधाच्या पाण्यात गाठी तरंगत होत्या.

"तुमीच दिलीसा न्हवं का हातात. समदं काढलं म्हनलासा. मग गोळ्या कशापायी? देव्हाऱ्यात ठिवलीया आमी. रोज हळदकुंकू वाहतोय."

मकरंद आणखीच भडकला. त्यानं बाटली हिसकावली आणि तणतणत मॅडमच्या खोलीत शिरला. देव्हाऱ्यापर्यंतचं सगळं सांगून वर म्हणाला, असल्या अडाणी लोकांसाठी मरमर मरायचं कशाला?

मॅडम उठल्या, मुक्ताला वॉर्डात दाखल केलं, सलाईन आणि औषध सुरू करून आल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर ताठली होती.

"यातला आजार कुठला? दाखव."

त्यानं बाटली उजेडाकडे धरली. अकराही गाठी निरुपद्रवी असल्याचा रिपोर्ट फायलीत होता. सूज चिघळत राहिली की अशा गाठी मागे राहतात, हे त्यानं परीक्षेतही लिहिलं होतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"यात नाही, मॅडम."

"मग कुठे आहे?"

"पोरीच्या आतड्यात." त्याचा आवाज खाली आला. "पण गोळ्या थांबवताना त्यांनी विचारायला..."

मॅडमनी टेबलावर हात आपटला. पेन घरंगळत खाली गेलं, ते कुणी उचललं नाही. भिंतीपलीकडे वॉर्डात मुक्ता कण्हत होती, दोघांनाही ऐकू येत होतं.

मकरंद अजून रागातच होता. कुणावर, ते मात्र आता त्याला कळेना. त्यानं बाटली हळूच टेबलावर ठेवली.

मॅडमनी ती पुन्हा त्याच्या हातात दिली. झाकणावरचं कुंकू त्याच्या बोटांना लागलं.

"घरी ने," त्या म्हणाल्या. "तुझ्या देव्हाऱ्यात ठेव."